कॉलेज फुटबॉलचे हायलाइट्स, दोन स्ट्राइक आणि दहा कामकाजाचे दिवस

१७ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मी ‘कॉपीराइट स्ट्राइक एफ-१ व्हिसा’ असं शोधत बसलो होतो. (एफ-१ म्हणजे अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा, स्ट्राइक म्हणजे दुसऱ्याचा माल वापरल्याबद्दल यूट्यूबवर चॅनेलला लागणारा डाग.) सापडल्या त्या वकिलांच्या जाहिराती आणि एकमेकांना घाबरवणारी माझ्यासारखीच पोरं. मराठीत तर काहीच नाही. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय. मी वकील नाही, मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा.

आधी थोडं मागचं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतल्या तालमी. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला की कॉलेजला दांडी ठरलेली. मोबाइलवर गोल टिपायचे, वर एखादं दणदणीत हिंदी गाणं चढवायचं आणि रात्रीपर्यंत ग्रुपवर सोडायचं, हा माझा अकरावीपासूनचा उद्योग. गाणं कुणाचं, असं कुणी कधी विचारलं नाही. मलाही तो प्रश्न पडला नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये एम.एस.साठी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला आलो. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. शनिवारी सामना असला की गाव अक्षरशः एका खड्ड्यात जाऊन बसतं, कारण स्टेडियम जमिनीत खोदलेलं आहे. हा अमेरिकन फुटबॉल: खेळ हातानं खेळतात आणि नाव फुटबॉल, यावर पहिले दोन आठवडे मी विनोद केले. मग नियम कळायला लागले आणि विनोद आपोआप थांबले. नशीब असं की माझ्या पहिल्याच हंगामात आमच्या विद्यापीठाचा संघ १५-० गेला. १ जानेवारी २०२४ ला रोझ बोल या सामन्यात अलाबामाला जादा वेळेत २७-२० हरवलं आणि ८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद. त्या रात्री थंडीत रस्त्यावर नाचताना माझा एक बूट हरवला. तो अजून मिळालेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात व्हिडिओ करायचं डोक्यात आलं: पंधरा सामने, पंधरा मिनिटं. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लॅपटॉपवर टाकली, नेटवरून टीव्हीच्या क्लिप उतरवल्या, समालोचन तसंच ठेवलं, खाली गाजलेलं एक रॅप गाणं लावलं. सहा आठवडे रात्री जागलो. व्हिडिओच्या वर्णनात मोठ्या दिमाखानं लिहिलं, ‘सर्व हक्क मूळ मालकांचे, फक्त करमणुकीसाठी.’ हे वाक्य लिहिलं की आपण सुटलो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढं ग्रंथालयातल्या बाईंनी सांगितलं, या वाक्यानं एकच गोष्ट सिद्ध होते: माल आपला नाही हे तुम्हाला ठाऊक होतं.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. यूट्यूबवर व्हिडिओ चढवला. तो पुरता तयार व्हायच्या आतच दोन क्लेम आले. गाण्यावरचा क्लेम सौम्य होता: व्हिडिओ राहू दे, जाहिराती दाखवल्या तर पैसे आमचे. दुसरा एका प्रसारण कंपनीचा, चित्रावरचा: व्हिडिओ जगभर बंद.

इथं एक फरक नीट समजून घ्या, कारण मी तो समजून घेतला नाही. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम बहुतेक वेळा यंत्र लावतं. मोठ्या मालकांनी आपल्या चित्रांच्या आणि गाण्यांच्या प्रती आधीच देऊन ठेवलेल्या असतात, तुमचा व्हिडिओ त्यांच्याशी ताडून बघितला जातो. कंटेंट आयडी म्हणतात ते हे. क्लेमनं चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक लागतो तो मालकानं कायद्याप्रमाणं व्हिडिओ काढायची मागणी केल्यावर. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल जाऊ शकतो. क्लेम आला की एक तर व्हिडिओ स्वतः काढा, नाही तर तो तुकडा कापा, आणि तुमची बाजू खरोखर भक्कम असेल तरच भांडा. हे मला त्या रविवारी कुणी सांगितलं असतं तर ही गोष्ट दोन परिच्छेदांत संपली असती.

मी भांडलो. सोमवारी हरकत नोंदवली. कारणांच्या यादीत ‘फेअर यूज’ (परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर) दिसलं, नाव बरं वाटलं, ते निवडलं. खाली लिहिलं की मी विद्यार्थी आहे, संघाचा चाहता आहे, पैसे कमवत नाही. आता ते वाचलं की कान तापतात. उत्तर द्यायला समोरच्याकडं तीस दिवस असतात. रोज सकाळी दात घासायच्या आधी मेल बघायचो. १० ऑक्टोबरला उत्तर आलं: हरकत फेटाळली. पुढची पायरी अपील. नागपूरचा रूममेट म्हणाला, “सोड ना बे आता.” मला वाटलं, एवढं आलोय तर पुढं जाऊ. ११ तारखेला अपील केलं. अपिलाला त्यांच्याकडं सात दिवस असतात आणि ते फेटाळायचं असेल तर त्यांना रीतसर टेकडाउनची, म्हणजे व्हिडिओ काढायची, मागणी करावी लागते. याचाच दुसरा अर्थ असा की फेटाळलं गेलेलं अपील म्हणजे स्वतःच्या हातानं मागून घेतलेला स्ट्राइक. सहाव्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, तो बसला.

‘कॉपीराइट स्कूल’ नावाचा छोटा व्हिडिओ बघून चार सोपे प्रश्न सोडवावे लागले. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नव्हतं, पण वाटला. स्ट्राइक नव्वद दिवसांनी उतरणार होता, म्हणजे १५ जानेवारीला.

घरी फोनवर बोलता बोलता तोंडातून निघून गेलं. आई म्हणाली, “पोलीस येणार न्हाईत न्हवं?” बाबा मागून म्हणाले, “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, सांग त्याला.” हसलो खरा, पण मग व्हिसाचा किडा डोक्यात शिरला आणि त्या रात्रीचं गुगल सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेलो. तिथं कॉपीराइटपेक्षा भलतीच गोष्ट कळली, ती एफ-१ वरच्या सगळ्यांसाठी लिहितो. तिथल्या सल्लागार बाईंचा पहिला प्रश्न होता, “जाहिरातींचे पैसे घेतोस का?” एफ-१ वर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही आणि चॅनेलची कमाई त्यात मोडू शकते. त्यांचा सल्ला साधा होता: स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारल्याशिवाय कमाईचं बटण दाबू नकोस. माझे सबस्क्रायबर तेव्हा त्रेसष्ट होते. जाहिरातींतला वाटा मिळायला एक हजार लागतात, त्यामुळं मोह टाळणं सोपं गेलं.

त्यांनीच ग्रंथालयाचा रस्ता दाखवला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉपीराइटसाठी वेगळी खोली आणि वेगळी माणसं असतात, हे मला वर्षभर माहीत नव्हतं. तुमच्या विद्यापीठात असेल तर आधी तिथं जा, फुकट आहे. २२ ऑक्टोबरला अर्ध्या तासाची वेळ मिळाली, बसलो दीड तास. या सगळ्या प्रकरणातला तो सगळ्यात चांगला दीड तास.

मी हुशारीनं सुरुवात केली: सामना तर लाखभर लोकांसमोर उघड्यावर झाला, मग तो कुणाच्या मालकीचा कसा? ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, सामना कुणाच्याच मालकीचा नाही. स्कोअर, कुणी किती यार्ड पळवले, कुठल्या मिनिटाला काय झालं, ही माहिती आहे, ती हवी तेवढी सांग. १९९७ मध्ये बास्केटबॉलच्या स्कोअरवरून झालेल्या खटल्यात अपील कोर्टानं हेच म्हटलं होतं. पण सामन्याचं चित्र कुणी तरी घडवलेलं असतं. मग त्यांनी अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्याबरोबरचा संसदीय समितीचा अहवाल काढून दाखवला. त्यात उदाहरण चक्क फुटबॉल सामन्याचं आहे: चार कॅमेरे, त्यांना सूचना देणारा दिग्दर्शक, कुठलं चित्र कधी बाहेर जाणार हे तो ठरवतो, म्हणून ती निर्मिती आहे. मी ज्याला नुसता ‘सामना’ समजत होतो ती त्या लोकांची कलाकृती होती. शाहू स्टेडियमच्या कठड्यावर मोबाइल धरून उभा असताना मीही तेच करत होतो. ती चित्रं माझी होती, फक्त गाणं माझं नव्हतं.

मग प्रश्न असा की पंधरा सामन्यांचा मालक कोण? इथं माझं डोकं गरगरलं. १९८४ पर्यंत टीव्हीवर कुठले आणि किती सामने दाखवायचे हे एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूनं खटला झाला, सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन असा निकाल दिला आणि हक्क विद्यापीठांकडं, त्यांच्या मार्फत कॉन्फरन्सकडं, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांकडं, आले. आमच्या बिग टेन कॉन्फरन्सनं २०२२ मध्ये केलेले सात वर्षांचे करार सात अब्ज डॉलरच्या वर असल्याच्या बातम्या होत्या. कॉन्फरन्सचे सामने एका करारात, दुसऱ्या कॉन्फरन्सच्या मैदानावरचे त्यांच्या करारात, प्लेऑफ आणखी वेगळ्या. माझ्या पंधरा मिनिटांत निदान चार-पाच जणांचा माल होता. एवढे पैसे मोजून हक्क घेणारा माणूस माझ्या त्रेसष्ट सबस्क्रायबरांकडं कौतुकानं का बघेल?

रीतसर परवाना घ्यायचा म्हणून मी एके ठिकाणी चौकशीही केली. उत्तर चार दिवसांत आणि अतिशय सभ्य आलं. सेकंदाला अमुक दर, कमीत कमी इतके सेकंद. आकडा माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याच्या वर गेला. आभार मानले आणि टॅब बंद केला.

फेअर यूजबद्दल बाईंनी सांगितलेलं माझ्या भाषेत असं: कोर्ट चार गोष्टी बघतं. वापर कशासाठी केलाय आणि त्यात नवा अर्थ आणलाय का, मूळ वस्तू कुठल्या जातीची आहे, किती घेतलं, आणि तुमच्यामुळं मूळ मालकाचं गिऱ्हाईक तुटतं का. माझा व्हिडिओ चारही ठिकाणी झोपला. लोक हायलाइट्स बघायला येतात, मी हायलाइट्सच दिले. दहा सेकंदांच्या आत चालतं, तीस सेकंदांच्या आत चालतं, असा कुठलाही नियम कायद्यात नाही. चित्र आरशासारखं उलटं करणं, किंचित झूम करणं, वेग पाच टक्के वाढवणं या युक्त्या यंत्राला चकवण्याच्या आहेत, कायद्यात त्यांची किंमत शून्य. उलट मुद्दाम केलं हे दिसतं. (भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: आपल्या १९५७ च्या कायद्यात फेअर यूज नाही, कलम ५२ खाली ‘फेअर डीलिंग’ आहे, त्याची यादी ठरलेली आणि अरुंद आहे. शिवाय प्रसारणावर २५ वर्षांचा वेगळा हक्क असतो. अमेरिकेतला युक्तिवाद तिथं जसाच्या तसा चालवू नका.)

निघताना बाईंनी विचारलं, “तू स्वतः शूट का करत नाहीस?” मोठ्या स्टेडियमवर ते शक्य नव्हतं. मोठी लेन्स आत नेता येत नाही आणि मैदानाच्या कडेला उभं राहायला पत्रकाराचा पास लागतो. पण तासाभराच्या अंतरावर एक लहान कॉलेज आहे, डिव्हिजन थ्रीमधलं. या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पोरं फी भरून खेळतात. सामन्याला आई-बाप, मित्र, आजूबाजूचे निवृत्त लोक. मला एकदम आपल्या तालमींची आठवण झाली.

अशा प्रत्येक कॉलेजात खेळांची माहिती सांभाळणारा एक अधिकारी असतो, त्याचा पत्ता कॉलेजच्या साइटवर मिळतो. २४ ऑक्टोबरला मेल केला. काय लिहिलं ते सांगतो, कारण याच मेलनं काम झालं: मी कोण, कुठला सामना, कुठं उभा राहणार, काय बनवणार, कुठं टाकणार, पैसे घेणार नाही, आणि सगळं मूळ चित्रण तुम्हालाही देईन. शेवटच्या वाक्याला वजन होतं असं वाटतं. लहान कॉलेजांकडं कॅमेरेवाले नसतात. दोन दिवसांत उत्तर आलं: ये. अटी चार. दोन्ही संघांच्या बाकांसमोर यायचं नाही. कॉलेजच्या लाइव्ह स्ट्रीममधली चित्रं वापरायची नाहीत, कारण ती कॉन्फरन्सच्या करारात आहेत. चिन्ह वापरून टीशर्ट वगैरे विकायचे नाहीत. आणि कुठल्याही खेळाडूचा चेहरा जाहिरातीसारखा वापरायचा नाही. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येतात, त्यामुळं याबाबत सगळेच सावध झालेत. तोंडी ‘चालेल’ यावर भागवू नका, मेलवर लेखी घ्या. तो मेल मी पीडीएफ करून ठेवला आणि तीन महिन्यांनी वेगळ्याच कामी आला.

२ नोव्हेंबर, शनिवार. कॅमेरा आणि ट्रायपॉड विद्यापीठाकडून तीन दिवसांसाठी फुकट मिळाले. मेमरी कार्ड १४ डॉलर, मित्राच्या गाडीत पेट्रोलचा वाटा १५, तिकीट १०, हात गरम ठेवायच्या पुड्या ३. थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोन्ही बॅटऱ्या मेल्या. जोडीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लावून ठेवायची, हे शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी सांगितलं. त्यांचा नातू पंटर होता, म्हणजे चेंडू लाथेनं लांब उडवून (पंट करून) देणारा खेळाडू. “पंट कुणी टिपत नाही,” असं ते म्हणाले, म्हणून पुढच्या सामन्यात मी त्याच्या सगळ्या पंट टिपल्या.

आणखी एक धडा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागं पळतो आणि आपणही तेच करायला जातो. मैदानाच्या कडेला उभं राहून चेंडूमागं पळालात तर हाती पाठी आणि हेल्मेट लागतात. गोलरेषेच्या मागं उंचावर जागा मिळाली तर घ्या.

चार मिनिटांचा व्हिडिओ केला. प्रत्येक फ्रेम माझी, परवानगी खिशात. यावेळी शहाणपण असं की आधी ‘खासगी’ ठेवून चढवला. प्रसिद्ध करायच्या आधीच यूट्यूब तपासणी करून क्लेम आहे का सांगतं, जगाला काही कळत नाही. नेहमी असंच करा. आणि माझ्या स्वतःच्या चित्रणावर क्लेम आला! दोन ठिकाणी. एकदा खेळ थांबला असताना मैदानातल्या स्पीकरवर वाजलेलं गाणं, एकदा मार्चिंग बँडनं वाजवलेली एका लोकप्रिय गाण्याची धून. मैदानात गाणं वाजवायचा परवाना कॉलेजकडं असतो, पण तो तिथं वाजवण्यापुरता. त्याला चित्र जोडायचा परवाना वेगळा. बँड वाजवतो तेव्हा रेकॉर्डिंग नवं असतं, चाल मात्र संगीतकाराचीच राहते आणि यंत्र चालही ओळखतं. यावेळी भांडलो नाही. यूट्यूबच्याच साधनातून एक तुकडा कापला, दुसऱ्याचा आवाज बंद केला. दहा मिनिटांत क्लेम गेले. प्रेक्षकांचा ओरडा मी वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवला होता म्हणून ती जागा मुकी वाटली नाही. तुम्हीही गाणं वाजत नसतानाचा पाच मिनिटांचा नुसता गोंगाट रेकॉर्ड करून आणा.

संगीताचा प्रश्न मग अगदी घरगुती पद्धतीनं सुटला. आमच्या विद्यापीठाचं विजयगीत लुई एल्बेल या विद्यार्थ्यानं १८९८ मध्ये रचलेलं. इतकं जुनं की चालीवर आता कुणाचाच हक्क नाही. बँडनं अलीकडं केलेलं रेकॉर्डिंग मात्र बँडचं, ते उचलता येत नाही. इथल्या मराठी मित्रांपैकी एकीकडं पेटी आहे, गणपतीत आरतीला वाजते ती. तिनं भाता ओढत ते विजयगीत पेटीवर वाजवलं. सुरुवातीला ‘सुखकर्ता’च्या ठेक्यात गेलं, तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. खर्च: एक वेळचा पिठलं-भात.

डिसेंबर परीक्षांत गेला. सुट्टीत मूळ हौस परत वर आली, पण आता वेगळ्या रूपात. मला हायलाइट्स दाखवायचे नव्हते, टीव्हीवर जे दिसत नाही ते दाखवायचं होतं. रोझ बोलमधला शेवटचा डाव घ्या: अलाबामाचा चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी, क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू) मधून घुसतो आणि अडवला जातो. सगळे त्याच्याकडं बघतात. खरं काम आधीच्या एका सेकंदात समोरच्या फळीनं केलेलं असतं. कबड्डीत साखळी आवळतात तसं. तेव्हा अकरा क्लिप घेतल्या, सगळ्यात मोठी सात सेकंदांची, मिळून ५८ सेकंद. व्हिडिओ नऊ मिनिटं वीस सेकंदांचा. समालोचन काढलं, प्रत्येक क्लिप थांबवून वर रेघा ओढल्या आणि मराठीत समजावलं. प्रत्येक क्लिपपुढं वहीत लिहिलं: ही का लागते, हिच्याशिवाय मुद्दा सांगता येतो का. आधी निवडलेल्या आणखी दोन क्लिप याच प्रश्नावर गळाल्या, तेव्हा या अकरा उरल्या. वही घेऊन पुन्हा ग्रंथालयात गेलो. बाई ‘चालेल’ असं म्हणत नाहीत, ते त्यांचं काम नाही. पण म्हणाल्या, “आता निदान बोलण्यासारखं काही आहे.”

१५ जानेवारीला स्ट्राइक उतरला, १९ तारखेला व्हिडिओ चढवला. क्लेम आला नाही. नऊ दिवस शांततेत गेले. २८ जानेवारीला सरळ टेकडाउन, एका मालकाच्या वतीनं काम करणाऱ्या एजन्सीकडून. पुन्हा स्ट्राइक.

यावेळी राग आला नाही, पोटात गोळा आला. कारण आता माझी बाजू खरी आहे असं वाटत होतं, म्हणजे भांडणं भाग होतं. त्याच दिवशी एजन्सीला मेल करून मागणी मागं घ्यायची विनंती केली, कुठली क्लिप कशासाठी वापरली याच्या तक्त्यासह. ही पायरी वगळू नका, कधी कधी तिथंच मिटतं. माझं मिटलं नाही. उत्तरच आलं नाही.

३१ जानेवारीला विद्यार्थ्यांच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात वेळ घेतली. त्याचे पैसे फीमध्येच गेलेले असतात. तिथल्या वकिलांनी काउंटर नोटिफिकेशन म्हणजे काय ते सांगितलं. १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्यातली ही सोय: काढलेला व्हिडिओ परत लावा, अशी उलट नोटीस. त्यात स्वतःचं खरं नाव, राहता पत्ता आणि फोन द्यावा लागतो. व्हिडिओ चुकीनं किंवा गैरसमजातून काढला गेला असं मला मनापासून वाटतं, हे शपथेवर लिहायचं. खोटं निघालं तर खोट्या साक्षीचा गुन्हा. शिवाय आपल्या भागातल्या फेडरल कोर्टाचा अधिकार मान्य करायचा. हे सगळं जसंच्या तसं समोरच्याला जातं, पत्त्यासकट. पत्ता द्यायचा नसेल तर आपल्या वतीनं वकील नोटीस पाठवू शकतो, अर्थात त्याची फी वेगळी. नोटीस गेल्यावर समोरच्याला व्हिडिओ बंद ठेवायचा असेल तर कोर्टात दावा लावावा लागतो. नाही लावला तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत व्हिडिओ परत येतो.

“आणि लावला तर?” मी विचारलं. त्यांनी आकडे सांगितले: एका कृतीमागं ७५० ते ३०,००० डॉलर, मुद्दाम केल्याचं ठरलं तर दीड लाखांपर्यंत. मी पाणी मागितलं. मग ते म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, फौजदारी नव्हे. आणि दावा लागला तर स्वतः उत्तर लिहीत बसू नकोस, त्याच दिवशी आमच्याकडं ये.

शनिवार-रविवार विचार केला. घरी सांगितलं नाही. रूममेटला सांगितलं, पत्ता त्याचाही होता. तो थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, “पाठव. पण भाड्याच्या करारावर नाव तुझंच वर आहे, हे ध्यानात ठेव.”

३ फेब्रुवारी, सोमवार, नोटीस भरली. भावनिक एक शब्द नाही. अकरा ओळी, अकरा क्लिप. ६ तारखेला ती पुढं पाठवल्याचा मेल आला. मोजणी तिथून सुरू होते, आपण भरल्याच्या दिवसापासून नव्हे. शनिवार-रविवार धरायचे नाहीत आणि १७ ला प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, तीही नाही. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा केल्या. त्या दिवसांत दारावर कुणी टकटक केली की छातीत धस्स व्हायचं. एकदा खरोखरच मोठा लिफाफा आला. आरोग्य विम्याचं माहितीपत्रक होतं.

मधल्या काळात चॅनेलबद्दलची माझी सगळी कागदपत्रं एका फोल्डरमध्ये आणली: लहान कॉलेजचा परवानगीचा मेल, क्लिपांची वही, तारखा, स्क्रीनशॉट. कायदा केंद्रातल्या वकिलांनी तो परवानगीचा मेल मागून घेतला होता. जिथं परवानगी लागते तिथं हा मुलगा मागतो, हे दाखवायला बरं, असं त्यांचं म्हणणं.

२१ फेब्रुवारीला दहा दिवस भरले. काही झालं नाही. २४ तारखेला, सोमवारी सकाळी लॅबमध्ये असताना मेल आला: व्हिडिओ परत चालू, स्ट्राइक काढलेला. मी फोन खिशात ठेवला आणि तास पुरा केला. संध्याकाळी बघितलं तर व्हिडिओ तोपर्यंत १४१ जणांनी पाहिला होता, त्यातले निदान तीस वेळा मीच. दावा लावायची मुदत कॉपीराइटमध्ये तीन वर्षांची असते, त्यामुळं फोल्डर अजून जपून आहे.

पंधरा मिनिटांचा तो पहिला व्हिडिओ हार्ड डिस्कवर पडून आहे. कधी तरी जेवताना आम्ही तो लावतो. घरात, दार बंद करून.

गेल्या आठवड्यात लहान कॉलेजच्या त्या अधिकाऱ्यांना पुढच्या हंगामासाठी मेल केला. उत्तर आलंय: जरूर ये, जोडीची बॅटरी आण, आणि पंटर पोराचे आजोबा विचारत होते की त्यांच्या नातवाच्या सगळ्या पंट एकत्र करून मिळतील का, मागं ते पेटीवरचं गाणं लावून. चाल आमच्या विद्यापीठाची आणि पोरगं त्यांच्या कॉलेजचं, हे कसं सांगायचं याचा विचार करतोय.